पदर डोक्यावर, म्हणजे लाकूड

भाऊजी, तुमची गिटार मी दुसऱ्याच्या हातात दिली. घाबरू नका, एका दिवसापुरतीच. संध्याकाळी परत आली, आता तिच्या जागेवर कपाटाच्या बाजूला उभी आहे, आणि वायर काढून ठेवलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही जिथे कुठे असाल तिथून पहिला प्रश्न हाच येणार. घरच्या माणसांची चौकशी त्यानंतर.

आज आपल्या गावची मंडई होती, वर्षाची जत्रा. दिवाळी होऊन गेली, धान कापायला आलं की एकेका गावाची मंडई सुरू व्हायची आणि तुम्ही घरी जेवायलासुद्धा सापडायचे नाहीत. आज या गावी, उद्या त्या गावी, भरदुपारी मैदानात नाचगाण्याची, सोंगांची दंडार उभी राहायची आणि ढोलकी-पेटीच्या बाजूला गिटार घेऊन तुम्ही. यंदा आपल्या घरी दिवाळी झाली नाही. सुतक फिटलं, तेरवी झाली, पण वर्षभर या घराला सण नाही, म्हणून मंडईलाही आम्ही कोणी गेलो नाही. पण मैदान आपल्या अंगणापासून असं किती लांब आहे? मध्ये धानाच्या बांध्या आणि पाण्याने भरलेली एक बोडी. भोंगा इथपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. ऐकू येऊ नये म्हणून मी सकाळपासून भांडी घासत बसले होते, घासलेलीच.

तुमच्या मंडळाची माणसं मागच्या आठवड्यात आली होती. अंगणात बसली, चहा घेतला, धानाचं-पावसाचं बोलली. शेवटी ढोलकीवाले काका म्हणाले, "वहिनी, त्याच्याबिगर दंडार उभी कराचा जीवच होत नाई. पन त्याची गिटार वाजली त तो आहे असं वाटन." तुमचे दादा बांधीकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे निर्णय माझा. या घरात तुमच्या गिटारीच्या बाबतीत निर्णय नेहमी माझाच, हे दुखणं तुम्हीच लावून दिलेलं. मी कुडव्याच्या कैलासला बोलावलं, तुमच्या दुकानात येऊन बसायचा तो, ऑर्केस्ट्रात वाजवणारा. म्हटलं, ने, पण वाजवून झालं की वायर काढायची. तो म्हणाला, "मालूम आहे वहिनी, नाई त भैया मारून टाकतीन." मग आम्ही दोघंही खाली बघत उभे राहिलो.

मी या घरात आले नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात. तुम्ही तेव्हा गोंदियाला कॉलेजात जात होते, मिशी नुकती फुटलेली, आणि तरी मी तुम्हाला अहो-जाहो करायचं, कारण तुम्ही दीर. पहिले काही दिवस तर मी तुमचा चेहराही नीट बघितला नव्हता. मामाजी ओसरीवर बसलेले असायचे, आणि सासऱ्यांसमोर सुनेचा पदर कपाळाच्या खाली, असं आपलं पवारांचं घर. पण ती गिटार मात्र ऐकू यायची. साधी, लाकडाची, पोटात भोक असलेली. तुम्ही अंगणातल्या खाटेवर बसून वाजवायचे आणि मामाजी दर वेळी म्हणायचे, "पेटी शिकला असता त भजनात तरी बसला असता."

एके दिवशी मी चुलीपाशी भाकरी थापता थापता माहेरचं रोवणीचं गाणं गुणगुणत होते. 'बांधीत पानी, पान्यात आभाळ, माहेरच्या वाटेची सरेना सकाळ.' आई आणि काकू चिखलात उभ्या राहून धानाची रोपं लावताना म्हणायच्या ते. नवी नवरी होते, आठवण येणारच. आणि बाहेर तुमच्या गिटारीतून तेच निघालं. मी गप्प झाले. गिटारही गप्प झाली. मी पुन्हा सुरू केलं, तर तीही सुरू झाली. तुम्ही भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे, कोणी कोणाला दिसत नव्हतं. भाकरी करपली त्या दिवशी, आणि सासूबाईंनी विचारलं तर मी लाकडं ओली आहेत म्हणून सांगितलं. तुमची माझी खरी ओळख तिथे झाली, भाऊजी. लग्नातली नव्हे.

पुढे तुम्ही कॉलेज सोडून कुडव्याला दुकान टाकलं, मिक्सर आणि अँपलीफायर दुरुस्तीचं. रोज गाडीवर जायचं, गाडीवर यायचं. आणि मंडई आली की तुमची खरी पंचाईत व्हायची. साध्या गिटारीचा आवाज ढोलकीपुढे कोणाला ऐकू जाणार? आधी तुम्ही तिच्यासमोर माइक लावला, तर त्यात ढोलकीच जास्त आली. मग कुठल्याशा वाजणाऱ्या घड्याळातली पितळी चकती काढून गिटारीच्या आत चिकटवली. ती वाजली खरी, पण प्रत्येक तुकड्याला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी. मी म्हटलं, गिटार आहे का गोदाम? तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

मग एक दिवस नागपूरहून ती आली. कोणाच्या बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातली, जुनी, पोट सपाट, रंग मधासारखा, कडेला छोटी छोटी बटणं. तुम्ही तिला पोरगी बघायला आणल्यासारखं खाटेवर ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. वायर न लावता वाजवलीत. मला ती अजिबात आवडली नाही. जुन्या गिटारीचा आवाज अंगणभर व्हायचा, हिचा खाटेच्या खाली उतरेना. तोंडात आलं ते बोलून गेले, "हिला सर्दी झाली का?" तुमचा चेहरा पडला. मग तुम्ही वायर लावली आणि म्हणालात, "आता ऐका, वहिनी. हिच्यात दोन कान आहेत. तारेखाली हे चुंबक आहे, ते फक्त तार ऐकते. आन इथं खाली पट्टी आहे, ते लाकूड ऐकते. ह्या बटनानं दोघाईले मिसरवाचं."

तुम्ही बटण एका टोकाला नेलं, तर ऑर्केस्ट्रातला झणझणीत आवाज आला. त्याला तुम्ही करंट म्हणायचे. दुसऱ्या टोकाला नेलं, तर खाटेवरची जुनी गिटार, जशीच्या तशी नाही पण तिची बहीण म्हणता येईल अशी. आणि मधे कुठेतरी दोन्ही. मामाजींनी सगळं ऐकून विचारलं, "मंग दोन घ्याच्या होत्या, हे ना इकडचं ना तिकडचं." मला हसू आलं. तुम्हाला नाही आलं. तुम्ही म्हणालात, "इकडचंबी आहे आन तिकडचंबी, बाबूजी."

हा वाद आपल्यात पुढे कित्येक वर्षं चालला. मी लाकडाच्या बाजूची, तुम्ही करंटच्या. तारांवरूनही भांडण व्हायचं. मला पिवळ्या तारांचा आवाज गोड वाटायचा आणि तुम्ही म्हणायचे, चुंबकाला त्या तारा नीट समजत नाहीत, पांढऱ्याच लावाव्या लागतात. मी म्हणायचे, मग चुंबकाला समजवा. आज वाटतं, किती फुकटचा वेळ होता आपल्याजवळ. तारांच्या रंगावर एक अख्खी दुपार.

पण वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज बाहेर कसा जातो ते कळत नाही, ही तुमची खरी अडचण होती. तुम्ही भोंग्यांच्या मागे, लोक पुढे. साउंडवाला गोंदियाचा, तो म्हणायचा, "एकदम मस्त है भैया, टेन्शन मत लो," आणि त्याचं लक्ष चिवड्यात. म्हणून तुम्ही मला कामाला लावलं. मी बायकांच्या बाजूला बसायचं, पोरीला मांडीवर घेऊन, आणि ऐकायचं. तिथून ओरडून तर सांगता येत नाही. मग पदराच्या खुणा ठरल्या. पदर डोक्यावर घेतला, म्हणजे लाकूड वाढवा. पदर कमरेला खोचला, म्हणजे करंट वाढवा. खांद्यावर आपला पडलेला असला, म्हणजे बरोबर आहे, हात लावू नका. कोणाला काही कळणार नाही. बाई पदर सावरते आहे, एवढंच लोकांना दिसणार.

आणि पहिल्याच मंडईत काय झालं! करंट-लाकूड छान जमलेलं, माझा पदर खांद्यावर, तुम्ही रंगात आलेले. तेवढ्यात नातीसाठी मुरमुऱ्याचे लाडू घेऊन मामाजी बायकांच्या बाजूने माझ्याकडेच आले. सासरे समोर उभे राहिले की हात आपोआप जातो, भाऊजी, त्याला विचारावं लागत नाही. मी पदर घेतला डोक्यावर. तुम्ही लाकूड वाढवलं. मामाजी काही जाईनात, लाडू फोडून देत बसले. माझा पदर खाली येईना. तुम्ही आणखी वाढवलं. तुम्हाला वाटलं असेल, वहिनीचं समाधानच होत नाही. बटण पार टोकाला गेलं आणि भोंग्यातून अशी शिट्टी निघाली की ढोलकीवाले काका उठून उभे राहिले, सोंग घेतलेल्या पोराचा मुकुट पडला आणि मामाजी कानावर हात ठेवून म्हणाले, "अवं, हे रडून काऊन राहिलं?"

घरी येताना तुम्ही चिडलेले, मी हसून हसून रस्त्यात बसलेली. "वहिनी, डोक्यावर तुम्हीच घेतला!" "मग मामाजी आले तर काय डोकं उघडं ठेवू?" पुढच्या मंडईत मात्र तुम्ही मामाजींना बायकांच्या बाजूला येऊच दिलं नाही. सगळ्यांत पुढे, मंचाला लागून, त्यांच्यासाठी लाकडी खुर्ची ठेवली आणि हात धरून नेऊन बसवलं. म्हातारा शेवटपर्यंत समजत होता, पोरगा मान देतो. गावातल्या लोकांना सांगायचे, माझी खुर्ची पुढे असते. ते गेले तेव्हा तुम्ही ती खुर्ची धरून रडलात आणि मग माझ्याकडे बघून हसलातही, हे फक्त मलाच माहीत आहे.

त्या वायरीचं मात्र मी खरंच बिघडवलं होतं. दिवाळीची साफसफाई, गिटारीतून निघालेली वायर खाली लोंबत होती, मी पुसून नीट तिच्या भोकात खोचून ठेवली. घर व्यवस्थित दिसावं म्हणून. मला काय माहीत, वायर खोचली की आतलं यंत्र चालू होतं आणि सेल उतरत राहतो? मंडईच्या दिवशी गिटार मुकी. तुम्ही मैदानातून गाडी काढून गोंदियाला सेल आणायला पळालात आणि दंडार तोवर नुसत्या ढोलकीवर चालली. परत आल्यावर मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "वहिनी, इले झोपू देत जा. वायर लागली त ही जागीच राहते." तेव्हापासून या घरात कोणी ती वायर विसरलं नाही. तापात असतानाही तुम्ही विचारलंत, वायर काढली का.

आता खरं बोलायचं ते बोलते. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले, ते त्याच्यासाठीच.

दर वर्षी मंडईच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. एकच शब्द विचारायचे. "यंदा?" आणि मी म्हणायचे, "पुढच्या मंडईत." रोवणीचं गाणं मी मंचावर म्हणावं, तुम्ही साथ करावी, एवढीच तुमची मागणी. त्या गाण्यासाठी बटण कुठे ठेवायचं हेसुद्धा तुम्ही शोधून ठेवलं होतं, लाकूड जास्त, करंट नावाला, भोंग्याने शिट्टी मारू नये इतकाच. तुम्ही म्हणायचे, ही गिटार मी याच गाण्यासाठी आणली. मला ती थाप वाटायची.

मी हव म्हटलं नाही, होकारच दिला नाही. नाही म्हणायलाही जीभ वळली नाही, कारण मनातून मला गायचं होतं, ते तुम्हाला कळत होतं. मग कारणं. पोरगी लहान आहे. मामाजींना चालणार नाही. मामाजी गेले, वर्षभर सण नाही. आणि शेवटी सगळ्यांत पक्कं कारण, सासूबाई. घराण्याची सून भोंग्यातून गाते म्हटल्यावर त्यांना काय वाटेल? तुम्ही ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि जायचे. पुढच्या वर्षी पुन्हा दारात.

एका मंडईला मी अगदी जवळ आले होते. तुम्हाला आठवत असणारच. तुम्ही माइक लावून ठेवला होता, माझ्या उंचीचा, झाडूच्या दांड्याने मोजून. मी नवं लुगडं नेसून मंचाच्या मागच्या कापडाशी येऊन उभी राहिले. कापडाच्या फटीतून बघितलं तर बायकांमध्ये अगदी पुढे सासूबाई बसलेल्या. तुम्ही सूर धरला, मागे वळून बघितलं. मी मान हलवली, नाही. आणि तुम्ही थांबला नाहीत. गाणं वाजवलंत, एकट्या गिटारीवर. माझ्या ओळी जिथे यायच्या तिथे हात उचलून धरायचे, तेवढा वेळ मैदानात काहीच नाही, आणि मग पुढचा तुकडा. लोकांना वाटलं, अशीच चाल आहे. मी कापडाच्या मागे, तोंडावर पदर धरून, प्रत्येक मोकळ्या जागेत मनातल्या मनात ओळ म्हणत उभी राहिले. घरी येताना तुम्ही गाडीवर विचारलंत, "लाकूड बराबर होतं का?" मी म्हटलं, होतं. त्यापुढे आपण त्या विषयावर बोललो नाही.

ह्या वर्षी रोवणी संपली तेव्हा मात्र बोललो, आणि नको तसं बोललो. तुम्ही आधीच विषय काढलात, मंडईला अजून कितीतरी अवकाश असताना. मी कंबरेतून वाकलेली, अंगभर चिखल, डोकं दुखत होतं. मी तडकले. "मी काय तुमची गिटार आहे का भाऊजी? बटण फिरवलं की घरातली, बटण फिरवलं की बाहेरची?" तुम्ही गाडीवर बसलात. मग म्हणालात, "बटन मी कधी फिरवलं, वहिनी? तुमी सांगतलं तिथंच ठेवत आलो." आणि गाडीला किक मारून दुकानात गेलात. मला तेव्हा वाटलं, टोमणा आहे. रागात मी त्याचा अर्थच लावला नाही. मंडई आली की समजूत घालू, तोवर लांब आहे, असं म्हणून सोडून दिलं.

मग तो ताप. आधी गावातली गोळी, मग गोंदिया. उतरला म्हणेपर्यंत पुन्हा चढायचा. वॉर्डात नुसता कल्लोळ, बाजूच्या खाटेचे नातेवाईक मोठमोठ्याने हिंदीत भांडत होते, कोणाचा तरी मोबाइल गाणी वाजवत होता. तुम्हाला बोलायची ताकद नव्हती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हळूच हात उचलून डोक्यावर नेलात, पदर घेतल्यासारखा. लाकूड वाढवा. मी हसले, तुम्हीही हसलात. मी उठून त्या लोकांना गप्प केलं. त्या वेळी तुमच्याजवळ बसून ते गाणं म्हणता आलं असतं, हळू आवाजात, कानाशी. हॉस्पिटलात कसं म्हणायचं, लोक काय म्हणतील, म्हणून तेही राहिलं. लोक काय म्हणणार होते, भाऊजी? तिथे प्रत्येकाला आपापलं पडलेलं होतं.

तर आज दुपारी. भांडी संपली म्हणून मी अंगणात आले. सासूबाई भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या दिवसभर काही ना काही निवडत असतात. मैदानात दंडार उभी राहिली, ढोलकी आली, पेटी आली, आणि मग तुमची गिटार. बोडीच्या पाण्यावरून सरळ अंगणात. मी खांबाला धरून उभी राहिले. कैलास वाजवतो चांगला, पण ऑर्केस्ट्राची सवय, करंट नुसता झणझणत होता, लाकूड औषधालाही नाही. आणि माझा हात वर गेला. मी पदर डोक्यावर घेतला. इतक्या लांबून, बांध्यांच्या पलीकडून, कोणाला दिसणार होता?

"कोन आलं वो?" सासूबाईंनी फाटकाकडे बघितलं.

"कोणी नाही."

"मंग डोक्यावर कायले घेतला?"

मी पदर तसाच धरून ठेवला. त्यांनी सूप खाली ठेवलं, भोंग्याच्या दिशेने कान केला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "हव. करंट जास्त आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या होत्या. "मले मालूम आहे सारं. योगूनं सांगतलं होतं. बुढ्याले समोर खुर्ची कायले देत होता, तेबी." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग म्हणाल्या, "तुह्या गान्याचंबी इचारलं होतं त्यानं मले. तुहे सासरे होते तेव्हाची गोठ आहे. म्हने, माय, वहिनी मंडईत गायली त तुले चालन का? मी म्हटलं, मले काऊन नाई चालन? चुलीपाशी मी का ऐकत नाई का तिले? बुढ्याले मी पाहून घेतो म्हटलं."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मीबी हेच म्हटलं त्याले. सांग तिले, माहं हव आहे म्हून. त म्हने, नाई माय. तुह्या हववर आली त ती तुह्यासाठी आली. तिचं हव तिलेच म्हनू दे." त्यांनी एक खडा उचलून अंगणात फेकला. "मी वाट पाहून राहिली होती, मंगला. दर मंडईत समोर जाऊन बसत होती. तुले दिसलं नाई का?"

भाऊजी, मला तुमचा इतका राग आला! इतकी वर्षं मी सासूबाईंचं नाव सांगत होते आणि तुम्ही उत्तर खिशात घालून मान डोलवत होते. एक वाक्य बोलायचं होतं. एक. ज्यांना बघून मी कापडामागून परत फिरले, त्या मला ऐकायला येऊन बसल्या होत्या, हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं आणि गाडीवर बसून तुम्ही मला लाकडाचं विचारलंत. मग राग उतरला, कारण पुढचं मलाच दिसलं. तुम्ही सांगितलं असतं तर मी दुसरं कारण शोधलं असतं. आणि सासूबाई तर एका घरात, एका चुलीवर, इतकी वर्षं. त्यांना मी तरी कधी विचारलं? तुम्ही मला ढकललं नाहीत, ओढलं नाहीत. मी सांगेन तिथे बटण ठेवलंत. एवढा मान मला कोणी दिला नव्हता, आणि मी त्याला टोमणा समजले.

तेवढ्यात मैदानात चाल बदलली. कैलासने रोवणीचं गाणं धरलं. करंट उतरला होता, त्याच्या त्यानेच उतरवला असेल, किंवा तुम्ही कधीतरी सांगून ठेवलं असेल, या गाण्याला बटण इथे. पहिला तुकडा झाला आणि तो थांबला. मैदानात काहीच नाही. मला वाटलं, चुकला. मग त्याने पुढचा तुकडा घेतला आणि पुन्हा तिथेच थांबला, जिथे तुम्ही हात उचलून धरायचे. तुम्ही त्याला असंच शिकवलं होतं, भाऊजी. कुडव्याच्या दुकानात, मिक्सर आणि अँपलीफायरच्या ढिगात बसून तुम्ही त्याला माझ्या जागा मोकळ्या सोडायला शिकवल्या होत्या.

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. "म्हन आता," म्हणाल्या.

पुढची जागा आली तेव्हा मी म्हटलं. गुणगुणले नाही, छातीतून म्हटलं, बांधीतल्या बायका म्हणतात तसं. आवाज पहिल्या शब्दाला फाटला, दुसऱ्याला लागला. 'बांधीत पानी, पान्यात आभाळ.' बोडीच्या पलीकडे तो गेला नसणार. मंचावर कोणाला कळलं नाही की इकडे कोणी साथीला आहे. गिटार नेहमीइतकीच थांबली आणि पुढे निघून गेली, आणि मी तिच्या मागे मागे शेवटपर्यंत गेले. पदर कधी खांद्यावर पडला ते मला समजलंही नाही.

यंदा दारात येऊन कोणी विचारलं नाही, भाऊजी. मी हव म्हटलं.